दुधाचा खाडा

फोन आत न्यायचा नाही, हा नियम मीच केलेला. आमच्या प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत मिट्ट अंधार लागतो. मोबाइलचा उजेड पडला तरी तासाभराची मेहनत पाण्यात जाते. त्यामुळे त्या सकाळी माझा फोन दाराबाहेरच्या टोपलीत वाजत राहिला आणि मी आत बसून पडद्यावर उंदराच्या मेंदूतली एक रक्तवाहिनी बघत होते. बाहेर आले तेव्हा बालाघाटहून आलेले सात कॉल दिसले आणि खाली भाचीचा, रितूचा, निरोप : ‘मौसी, मम्मी नहीं रहीं. फोन उठाओ.’ माझी थोरली बहीण शालूताई, वय वर्षं चोपन्न, तीन दिवसांच्या तापानं गेली होती. ताप आहे हे मला ठाऊक होतं. छातीत कफ भरलाय, हेही रितूनं कळवलं होतं. शनिवारी निघते, असं मी तिला सांगून ठेवलं होतं... ताई गुरुवारीच गेली. आज दीड महिना झाला.

या तापाच्या आधीपासून, पंधरा वर्षं, ताईला जो मूळ आजार होता, तोच माझ्या संशोधनाचा विषय आहे. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी. सगळ्या अंगभर त्यांना मोकळीक असते, पण मेंदूत सहसा प्रवेश नसतो. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये निसर्गानं एक पक्की भिंत घातलेली आहे. या आजारात ते पहारेकरी भिंतीला चिकटत, सरपटत, कुठून तरी आत शिरतात आणि मज्जातंतूंवरचं आवरण परक्याचं समजून कुरतडतात. मग कुणाची नजर जाते, कुणाचे पाय. पेशी नेमक्या कुठून आणि कशा शिरतात, हे बघण्यात माझी वीस वर्षं गेली. बहिणीच्या दुखण्यासाठी हिनं हा विषय घेतला, असं माझ्याबद्दल दोनदा छापून आलेलं आहे. ते खोटं आहे. या लेखात निदान तेवढं तरी दुरुस्त करायचं म्हणून लिहायला बसले.

आमचे वडील कालव्याच्या कचेरीत कारकून. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी आणि, हे मी भिडेखातर म्हणत नाही, माझ्याहून हुशार. शास्त्र विषयात तिला जेवढे गुण पडत तेवढे मला कधी पडले नाहीत. पण थोरली म्हणून ती बालाघाटातच शिकली, खैरलांजीच्या शाळेत मास्तरीण झाली, आणि माझी पाळी आली तेव्हा बाबांसमोर उभी राहून म्हणाली, "तिले नागपूरले जाऊ द्या. घरचं पाहाले मी आहो नं." मी नागपूरला गेले, तिथून पुण्याला गेले, आणि जाताना ‘तुले-मले’ बालाघाटात सोडून गेले. सुट्टीत घरी आले की ताई माझ्या शुद्ध मराठीची नक्कल करून मला रडकुंडीला आणायची. तिच्या शेजारी मी कायम धाकटी आणि थोडी खोटी वाटायची.

ताई एकोणचाळीस वर्षांची असताना एका सकाळी तिचा फोन आला. मी तेव्हा डॉक्टरेट संपवून याच विषयावर काम करत होते. रोज त्याच पेशी, तोच आजार. ताई म्हणाली, "निमे, डाव्या डोळ्यानं कुंकू कथ्थई दिसून राह्यलं. उजव्यानं पाह्यलं तं लाल. असं काहून होत असंल?" एका डोळ्याला लाल रंग विटका दिसणं, ही या आजाराची अगदी पुस्तकातली पहिली खूण. ती मी विद्यार्थ्यांना फळ्यावर लिहून देत असे. आणि ताईला मी काय सांगितलं? चष्म्याचा नंबर वाढला असेल, गोंदियाला जाऊन तपासून घे. मला बैठकीची घाई होती. ती ‘हौ’ म्हणाली. महिन्याभरात डोळा आपोआप सुधारला आणि मी ते विसरूनही गेले. दोन वर्षांनी पाय बधिर होऊन ती शाळेच्या पायरीवर पडली, तेव्हा कुठे नागपूरला मेंदूची तपासणी झाली आणि आजाराचं नाव कळलं. आधी कळलं असतं तर? तिथल्या डॉक्टरांनी खांदे उडवले. कदाचित, म्हणाले. त्या ‘कदाचित’वर मी पुढे तेरा वर्षं जगले.

नोकरी सुटली, कारण बसची पायरी चढवेना. भाऊजी उकव्याच्या खाणीत, आठवड्यातून एकदा घरी यायचे. रितू कॉलेजात जायची. दिवसभर ताई एकटी, आणि घरात ती भिंत धरून चालायची. पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत कंबरेच्या उंचीवर तिच्या तळव्याचा एक मळका पट्टा उठला होता. मी वर्षातून दोनदा जायची, औषधांची फाइल तपासायची, रितूला चार सूचना द्यायची, आणि परत. स्वयंपाकघरात दाराशेजारी एक कॅलेंडर असायचं. त्यावर मधूनमधून तारखांवर पेन्सिलीच्या बारीक फुल्या. आमच्या आईची सवय ताईनं उचललेली, असं मला वाटे. दूध आलं नाही की आई अशीच फुली मारायची. ताई जुनी कॅलेंडरं काढूनही टाकत नसे. जुन्यावरच नवं अडकवायची, खिळा पार वाकला होता. एकदा मी हसत म्हटलं होतं, "काय गं, किती खाडे करतो तुझा दूधवाला! बदलून टाक त्याला." ताई माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बदलाच लागंल." आणि पोळी उलटवली.

मला एक मानाचा पुरस्कार मिळाला तेव्हा बालाघाटच्या मराठी मंडळींनी माझा सत्कार केला. ओळख करून देणाऱ्या गृहस्थांनी तेच सांगितलं. लाडक्या बहिणीचे हाल बघून या पोरीनं या रोगाचा ध्यास घेतला, वगैरे. लोकांचे डोळे पाणावले. मला उठून एक वाक्य बोलता आलं असतं. मी हात जोडून मान खाली घातली, म्हणजे हो म्हणाले. ताई पहिल्या रांगेत, भिंतीकडच्या खुर्चीवर बसली होती. सगळ्यांबरोबर तिनंही टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर नारळ फोडून खोबरं माझ्या हातावर ठेवलं आणि त्या भाषणाबद्दल ती चकार शब्द बोलली नाही. तिनं टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

तुझ्या पेशी चालतात कशा ते दाखव, असं ती दर खेपेला म्हणायची आणि मी दर खेपेला टाळायची. एकदोनदा ‘तुला नाही समजायचं’ असंही म्हणाले आहे. हे लिहिताना लाज वाटते, पण म्हणाले आहे. शेवटच्या भेटीत मात्र तिनं हट्टच धरला. दुपारची वेळ होती, जेवणं झाली होती. मी लॅपटॉप तिच्या पलंगावर ठेवून चित्रफीत लावली. काळ्या पडद्यावर रक्तवाहिनी, आणि तिच्या कडेकडेनं जाणारे हिरवे ठिपके. बाकीचं रक्त धावत असतं. हे ठिपके भिंतीला धरतात, सुटतात, पुन्हा धरतात, दमल्यासारखे थांबतात. ताई जवळ सरकून बघत होती. मिनिटभरानं हसली.

"हे तं मीच आहो," म्हणाली. "भिंत धरधरून चालून राह्यले."

वीस वर्षांत मला ते सुचलं नव्हतं. तेवढ्यात एक ठिपका थांबला, चपटा झाला आणि भिंतीतून पलीकडे गेला. हा आता आत जाऊन नुकसान करणार, मी म्हटलं. "बिचाऱ्याले वाटत असंल, राखण करून राह्यलो," ताई म्हणाली. मग पडद्यावरची नजर न काढता तिनं विचारलं, "निमे, मी तं एका मिनटात ओळखलं. तुले काहून नाही ओळखू आलं? कुंकवाचं सांगतलं होतं नं मी."

आवाजात राग नव्हता. एखादं गणित अडावं तसं विचारलं. उत्तर अगदी सोपं होतं : मी ऐकलंच नव्हतं. तेवढं म्हणून तिचा हात धरायचा होता. मी लॅपटॉप मिटला आणि म्हणाले, गाडीची वेळ होत आलीय. "हौ, जाय," ताई म्हणाली. "सांभाळून जाजो." दारापर्यंत भिंतीच्या आधारानं आली. ती शेवटची.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघर आवरत होते. भाऊजी चहा घेऊन दारात बसले होते. त्यांना बोलतं करावं म्हणून मी कॅलेंडरकडे बोट दाखवलं, आणि आता तरी तो खाडेवाला दूधवाला बदला, असं म्हटलं. भाऊजी गोंधळले. "खाडा? आमचा दूधवाला तं एक दिवस चुकला नाही. पुरातही येत होता."

मग रितूनं सांगितलं. ताई रोज आंघोळ झाली की कुंकू लावताना आरशासमोर आधी एक डोळा झाकायची, मग दुसरा. डाव्या डोळ्याला कुंकू लाल दिसलं नाही की त्या तारखेवर फुली. "मम्मी कहती थी, निमा मौसी पूछेगी तो काम आएगा."

मी कधी विचारलं नाही. जगभरच्या रुग्णांच्या नोंदी मागवणारी मी, आणि माझ्या बहिणीनं माझ्यासाठी ठेवलेली नोंद पंधरा वर्षं माझ्या नाकासमोर टांगलेली होती. चहा घेताना माझी पाठ त्या भिंतीला टेकायची.

सगळा गठ्ठा खिळ्यावरून काढून मी पुण्याला घेऊन आले. आता तो अंधाऱ्या खोलीच्या दाराबाहेर टांगलेला आहे, फोनच्या टोपलीच्या वर. टोपली आहे, पण नियम मी मोडून टाकला. माझा फोन आता आत माझ्या खिशात असतो. गठ्ठ्यात सगळ्यात खालचं कॅलेंडर त्या पहिल्या वर्षाचं आहे. एका महिन्यात ओळीनं पाच फुल्या आहेत, आणि सहाव्या दिवशी फुलीच्या खाली, दुधाच्या नोंदीपुरत्या त्या एवढ्याशा चौकटीत, ताईचं मास्तरणीचं वळणदार अक्षर. पंधरा वर्षांत शब्दांत लिहिलेली तेवढी एकच नोंद आहे : ‘निमाले सांगतलं.’