मिस्टर अहोंचं दुकान

आमचं दुकान ट्रॉफ्यांचं आहे. लंडनजवळ वॉटफर्डमध्ये, टायरवाल्याच्या आणि बंद पडलेल्या टॅनिंग सलूनच्या मध्ये. कप, मेडल्स, शील्ड, नेमप्लेट, कुत्र्यांच्या गळ्यातले बिल्ले, सगळ्यावर नावं कोरून मिळतात. अशा दुकानात किस्से धुळीसारखे जमतात. तुम्ही काही करू नका, नुसते उभे राहा. संध्याकाळी अंगावर थर असतो.

मंडळाच्या कार्यक्रमात कोणी ना कोणी मला कोपऱ्यात घेतं. "अरे, ती स्कीम तुम्ही घेतली होती ना? खूप वर्षं घरी बसलेल्या माणसाला कामावर ठेवायचं आणि पगार सरकार देणार, ती? कशी आहे? घ्यावी का आम्ही?" पिनरचे एक अकाउंटंट तर हातात प्लेट धरून प्रोज अँड कॉन्स विचारत होते.

प्रोज अँड कॉन्स मला येत नाहीत. मी ग्रॅहमचे किस्से सांगतो. ऐकून झालं की लोक जिलबी न घेता निघून जातात.

*

दुकान साठेकाकांचं. सख्खे काका नाहीत, बाबांचे मित्र. मी तिथे डिझाइनचं बघतो, "फील्डमधला जॉब मिळेपर्यंत", म्हणजे कायमचा. काकू मागच्या टेबलावर मेडल्सना रिबिनी लावायच्या.

स्कीम समजावायला कौन्सिलच्या एक बाई आल्या. म्हणाल्या, सहा महिने पगार आमचा. काम तुम्ही द्यायचं, शिकवायचं, थोडं सांभाळून घ्यायचं. माणसाची सवय गेलेली असते.

काकांनी विचारलं, माणूस आवडला नाही तर? बाई म्हणाल्या, काही काळजी करू नका, त्याची सगळी सोय आहे. आम्हाला फोन करा.

काकूंनी रिबिनीतून डोकं वर काढलं. "आणि आवडला तर?"

बाई म्हणाल्या, "तर मग सहा महिन्यांनी पगार तुमचा."

काका एकदम गंभीर झाले. ही रिस्क त्यांनी धरलीच नव्हती.

*

ग्रॅहम इंटरव्ह्यूला टाय लावून आला. पन्नाशी उलटलेली, उंच, आणि उंचीबद्दल सगळ्यांची माफी मागत असल्यासारखा वाकलेला. आधी एका प्रिंटिंग कंपनीत होता. ती बंद पडली, मग आई आजारी पडली, मग आई गेली, आणि मग बाहेर पडायचं कारणच राहिलं नाही.

काकांनीही टाय लावला होता. त्यांनी आयुष्यात कोणाचा इंटरव्ह्यू घेतला नव्हता, फक्त दिले होते. त्यामुळे ते सवयीने स्वतःबद्दलच सांगायला लागले. सांगलीचं शिक्षण, स्ट्रेंथ्स, वीकनेसेस. ग्रॅहम मान डोलावत ऐकत होता. एक-दोन प्रश्नही विचारले त्याने, चांगले.

शेवटी दोघं उठले. हात मिळवला. आता कोणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं. ग्रॅहमला इंटरव्ह्यूचा शेवट कसा होतो ते पाठ होतं. वर्षानुवर्षं तेच एक वाक्य ऐकत आला होता.

"थँक यू," तो काकांना म्हणाला. "वी'ल लेट यू नो."

*

पहिल्या मंगळवारी ग्रॅहम सकाळीच गायब. कोट नाही, पिशवी नाही. काका म्हणाले, गेला, आपल्याकडून काहीतरी चुकलं. काकू म्हणाल्या, "तुम्ही त्याला मशीनजवळ जाऊ नको म्हणून ओरडला होतात." काका म्हणाले, ओरडलो नव्हतो, मशीन चालू होतं म्हणून मोठ्याने बोललो.

तासाभराने ग्रॅहम परत आला. विचारलं, कुठे होतास? तर जॉबसेंटरला! बेकारभत्त्यासाठी मंगळवारी सकाळी त्याची तिथे कायम अपॉइंटमेंट असायची. पाय आपोआप गेले. तिथे जाऊन खुर्चीवर बसला, वाट बघत.

"मग काय म्हणाले?"

"म्हणाले, तुझं नाव नाही इथे." त्याने थोडा विचार केला. "मला वाईट वाटलं. मग बसमध्ये लक्षात आलं, की ही चांगली बातमी आहे."

*

आता माझा स्वभाव असा, की कोणी इतकं सरळ दिसलं की हात शिवशिवतात. दुकानात एम्प्लॉयी दोनच, मी आणि ग्रॅहम. मी एक रिजेक्ट कप घेतला. फिशिंग क्लबने परत केलेला, वर पितळी मासा होता. त्यावर प्लेट लावली: 'एम्प्लॉयी ऑफ द मंथ, ग्रॅहम'. आणि लंचला गंभीर चेहऱ्याने प्रदान केला. काकूंनी टाळ्या वाजवल्या.

मला वाटलं, हसेल. ग्रॅहमने मासा मांडीवर ठेवून बसने घरी नेला.

महिना संपला आणि मासा परत माझ्या टेबलावर. पॉलिश केलेला, टी-टॉवेलमध्ये गुंडाळलेला.

"फिरती ट्रॉफी असेल ना," ग्रॅहम म्हणाला. "परत द्यायची असते."

मी म्हटलं, या महिन्याचाही तूच आहेस, कमिटीने ठरवलंय. कमिटीत कोण आहे, त्याने विचारलं. म्हटलं, मी.

"कमिटीला माझ्याकडून थँक यू सांग," तो म्हणाला, आणि टी-टॉवेल पुन्हा गुंडाळायला लागला.

*

काकू दिवसभर काकांना हाक मारायच्या. अहो, कात्री कुठेय. अहो, फोन वाजतोय. अहो, तो मुलगा बिचारा कधीचा उभा आहे काउंटरला.

ग्रॅहमने दोन आठवडे नीट ऐकलं आणि निष्कर्ष काढला. एक दिवस फोन उचलून म्हणाला, "सॉरी, मिस्टर अहो जेवायला बसलेत. काही निरोप आहे का?"

मी मागच्या खोलीत जाऊन रिबिनींच्या खोक्यात तोंड घालून हसलो. त्याला सांगितलं नाही, अर्थातच. आठवड्याभरात टायरवाला काकांना मिस्टर अहो म्हणायला लागला. कौन्सिलच्या बाईंचा ईमेल आला, डिअर मिस्टर अहो. एका शाळेचा चेक त्याच नावाने आला, तो बँकेने घेतला नाही.

तेव्हा मात्र मी म्हटलं, काका, सांगू का त्याला आता?

"नको," काका म्हणाले. "इथे आल्यापासून एक गोष्ट त्याची पक्की पाठ झालीय. ती कशाला काढून घ्यायची?"

काकूंना तर फारच आवडलं होतं. त्यांनीच पुढे त्याला शिकवलं. "ग्रॅहम, नो मिस्टर. ओन्ली अहो. मान त्यातच आहे." मान म्हणजे त्याला मॅन वाटलं. पण मिस्टर सुटलं, आणि दुकानात दोन माणसं 'अहो' म्हणायला लागली.

*

दुपारी काकू घरी जायच्या, गरम पोळ्या करून डबा घेऊन यायच्या. दारात थांबून म्हणायच्या, "अहो, येते हं." काका भिंगातून डोळा न काढता म्हणायचे, "लवकर ये." रोज. न बघता. मशीनसारखं.

ग्रॅहमने विचारलं, त्या काय म्हणतात? म्हटलं, आय'म कमिंग.

"पण त्या तर चालल्यात."

"हो."

"आणि अहो काय म्हणतात?"

"कम अर्ली."

तो बराच वेळ एक शील्ड पुसत राहिला. "तुमच्या भाषेत कोणी जातच नाही का?"

म्हटलं, नाही. अलाउड नाही.

*

चौथा महिना चालू होता. काकूंना सकाळी चक्कर आली, मग हॉस्पिटल, मग दुसऱ्या दिवशी काकू नव्हत्या.

दुकान बंद आहे हे ग्रॅहमला कळवायचं काम माझं. मराठीत सांगायची सवय झालेली, इंग्लिशमध्ये शब्द सापडेना. मी नुसतं म्हटलं, "काकू इज गॉन."

मग त्याने अगदी हळू विचारलं, "गॉन? का ते तुमचं कमिंग?"

तो खरंच विचारत होता. मी म्हटलं, गॉन.

क्रिमेटोरियमला इंटरव्ह्यूचा टाय लावून आला. तोच एक होता त्याच्याकडे. सगळ्यात मागे उभा राहिला, आणि मागच्यांना दिसावं म्हणून नेहमीपेक्षा जास्त वाकला. त्याच्या मागे कोणी नव्हतं.

*

दुकान पुन्हा उघडलं. काका यायचे, बसायचे, कोरायचे. मी गप्प. टायरवालासुद्धा गप्प. ग्रॅहम तर काय, मूळचाच गप्प.

एक दिवस तो हातात कप घेऊन मागून आला. "अहो?"

काकांनी झटकन मान वर केली, ती दाराकडे. मग वळून बघितलं, तर ग्रॅहम.

"फिलिपमध्ये एल एक की दोन?"

काकांनी चष्मा काढला. मला वाटलं, आता म्हणतील, बाबा रे, माझं नाव साठे. मीच सांगून टाकणार होतो.

"परत विचार," काका म्हणाले.

ग्रॅहमला वाटलं, नीट ऐकू गेलं नाही. "अहो? फिलिपमध्ये एल एक की दोन?"

"एक," काका म्हणाले. आणि चष्मा पुसायला लागले, तो कितीतरी वेळ पुसत राहिले.

*

कॅनालच्या कडेला एक बेंच आहे. डबा घेऊन लवकर निघाल्या की काकू तिथे पाच मिनिटं टेकायच्या, बदकं बघत. काकांनी कौन्सिलकडून परवानगी काढली, त्या बेंचवर छोटी पाटी लावायची.

लोकांच्या पाट्या आम्ही ढिगाने केल्यात. लव्हिंग मदर, फॉरएव्हर इन अवर हार्ट्स, सगळे टेम्प्लेट तयार असतात. ही पाटी काकांना लिहिता येईना. दुपारभर स्क्रीनसमोर बसले आणि शेवटी म्हणाले, ग्रॅहम, तू कर काहीतरी, आणि प्रूफ दाखव.

आता ग्रॅहमला काकूंचं नाव कुठे माहीत! त्याने कोणाला विचारलं नाही. अशा वेळी काय विचारायचं, असं त्याला वाटलं असणार. प्रूफ आणून काउंटरवर ठेवलं. मी बघितलं.

पाटीवर लिहिलं होतं, 'मिसेस अहो'. खाली, 'शी लाइक्ड द डक्स'.

मी हात पुढे केला, प्रूफ उचलून टाकायला. काकांनी माझ्या हातावर हात ठेवला. बघत राहिले. टायरच्या दुकानात कोणीतरी रेंच पाडला, तोपर्यंत बघत राहिले.

"फॉन्ट थोडा मोठा कर," म्हणाले.

लागलीय ती पाटी. जाऊन बघा.

*

सहा महिने संपत आले. धंदा बसला होता. काकांचं लक्ष नव्हतं, ऑर्डरी घ्यायलाही विसरत होते. मला म्हणाले, स्कीम संपली की त्याला ठेवणं जमणार नाही. दुकान तरी ठेवतो की नाही, देव जाणे. ग्रॅहमला एवढं सांगवेना. त्याला म्हणाले, बघू या, आय'ल लेट यू नो.

या वाक्यातला ग्रॅहम एक्स्पर्ट. मान डोलावली, आणि त्याच दुपारी आपला चहाचा मग धुऊन पिशवीत ठेवला.

शेवटचा शुक्रवार. मासा माझ्या टेबलावर, टी-टॉवेलमध्ये. मी म्हटलं, राहू दे रे तुझ्याकडे. तर म्हणाला, "नको. पुढचा जो येईल त्याला लागेल."

काका काउंटरमागे एका शाळेचं शील्ड कोरत होते. डोळ्याला भिंग, मान खाली, मशीन चालू. ग्रॅहमने कोट घातला. माझ्याशी हात मिळवला. काकांशी मिळवायला गेला, पण त्यांचे दोन्ही हात गुंतलेले बघून मागे सरला. दारापाशी जाऊन उभा राहिला. तो काहीतरी जुळवतोय असं वाटत होतं.

आणि मग म्हणाला. त्याच जागेवरून. तसंच 'हं' किंचित लांबवून. बायकांचं रूप वेगळं असतं, पुरुषांचं वेगळं, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

"अहो, येते हं."

काकांनी मान वर केली नाही. "लवकर ये."

दार लागलं. मशीन बंद पडलं. म्हणजे काकांनी बंद केलं असणार. मी बघितलं नाही, मी रिबिनी गुंडाळत होतो. मान वर केली तर काका हात तसाच हवेत धरून दाराकडे बघत होते. मी त्या रिबिनी सोडल्या आणि पुन्हा गुंडाळल्या.

सोमवारी आम्ही आठच्या सुमारास पोचलो, तर शटरसमोर ग्रॅहम. टाय नव्हता. हातात पिशवी, पिशवीत मग. थंडीने नाक लाल. बराच आधीपासून उभा असावा.

काका माझ्या मागे थांबले आणि किल्ली शोधायला लागले. हा खिसा, तो खिसा, कोटाचा आतला. किल्ली त्यांच्या हातातच होती.

कोणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं. "ग्रॅहम," मी म्हटलं, "आपण नऊला उघडतो."

"माहितीये," ग्रॅहम म्हणाला. "पण अहोंनी लवकर यायला सांगितलंय."