फळ्यावरची सुटलेली ओळ

वाचनालयाच्या सभागृहात माजी अध्यक्षांच्या नावांचा लाकडी फळा होता. पहिली नऊ नावं पेंटरकाकांच्या वडिलांच्या हातची, पुढची अकरा काकांची. अक्षर असं वळणदार, की एक अध्यक्ष गमतीने म्हणाले होते, “या अक्षरात नाव लागणार म्हणून तर खुशीने पायउतार होतोय.”

वाचनालयाची शंभरी आली, तसा काकांनी फळा उजळायला घेतला. शिडीवर बसून नावांवरची धूळ पुसता पुसता दहाव्या आणि अकराव्या नावामध्ये त्यांचा हात थांबला. सिस्टर कुठे आहेत?

सिस्टर म्हणजे प्रसूतिगृहातल्या परिचारिका. पाचच महिने अध्यक्ष होत्या, पण त्यातच गच्चीवरची टाकी फुटली आणि पुस्तकांच्या खोलीत घोटाभर पाणी साचलं. बाकीचं मंडळ पत्रव्यवहार करत बसलं. सिस्टरांनी पदर खोचला, प्रसूतिगृहाच्या गच्चीवर दोऱ्या बांधल्या आणि बाळांच्या दुपट्यांशेजारी पुस्तकं वाळत घातली. पुस्तकं वाहून नेणाऱ्यांत तरणेबांड काकाही होते. पुढे सिस्टरांची बदली झाली. त्यांचं नाव लिहा असं कुणी म्हटलं नाही, आणि काकांनीही विचारलं नाही. तेच आता त्यांच्या जिवाला लागलं.

चिटणीस म्हणाले, “वर्ष पुरं केलं नाही तर नाव लागत नाही, काका. नियम आहे.”

“कुठे लिहिलाय?”

चिटणिसांनी नियमावली पुढून मागून चाळली. नियम सापडला नाही. “तरी सभेचा ठराव लागेल,” ते पुटपुटले.

काका चाळीस वर्षं सभासद होते, पण सभेत कधी तोंड उघडलेलं नव्हतं. त्या दिवशी ते उठले. टाकी फुटली तेव्हाची हकिगत त्यांनी जशी आठवली तशी सांगितली आणि म्हणाले, “लिहायचं माझ्याकडून राहिलं. आता लिहू द्या.” ठराव एकमताने झाला.

दोन नावांमध्ये जागा नव्हती. बारीक अक्षरात बसवा, असं चिटणिसांनी सुचवलं. काका ऐकेनात. त्यांनी खालची दहा नावं खरवडली आणि सगळी एकेक ओळ खाली पुन्हा लिहिली. नऊ दिवस गेले.

निवृत्तीनंतर सिस्टर परत इथेच राहायला आल्या होत्या. सून त्यांना हाताला धरून घेऊन आली. चष्मा सारखा करत त्यांनी फळ्यावरचं आपलं नाव वाचलं.

“पुढे ‘पाच महिने’ असंही लिहा हो,” त्या म्हणाल्या. “लोकांना वाटेल, वर्षानुवर्षं मी खुर्ची अडवून बसले होते.”

काका हसले आणि पुन्हा शिडीवर चढले.