खुर्चीखालचा नंदी

तीसपर्यंतचे पाढे मला शाळेत जाण्याआधीच येत होते. वडील धानाच्या बांधीकडे जाताना शेताच्या धुऱ्यावरून पाढे म्हणत चालायचे, मी मागून म्हणायची, एवढंच. पण मोहाडी तालुक्यातल्या आमच्या गावाला त्याचं भारी कौतुक. घरी पाहुणा आला की चहाच्या आधी मला पुढे करायचे. "सत्तावीस नव्वे?" तो विचारायचा. माझं उत्तर बरोबर की चूक हे त्याचं त्यालाच ठाऊक नसायचं, तरी मान डोलवायचा.

मग गुरुजींनी मला दुसरीतून थेट चौथीत बसवलं. चौथीतल्या मुली डब्यातलं लोणचं द्यायच्या, खेळायला मात्र घ्यायच्या नाहीत. शेजारची माझी मैत्रीण दुसरीतच राहिली. आधी माझ्याशिवाय शाळेत पाऊल न टाकणारी ती आता दुसऱ्याच घोळक्यात जायची. मी अगदी एकटी पडले होते, आणि सगळं गाव मला नशीबवान म्हणत होतं. मला राग यायचा. कोणावर काढावा ते कळायचं नाही.

मी तान्ह्या पोळ्यावर आस लावून बसले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोरांचा पोळा भरतो. लाकडी नंदी सजवून रांगेत उभं राहायचं, बक्षिसं झाली की घरोघर बोजारा मागत फिरायचं. कोणी खाऊ देतं, कोणी पैसे. त्या रांगेत इयत्ता कोणी विचारत नाही. दरवर्षी मैत्रीण आणि मी नंदी शेजारी-शेजारी उभे करायचो. यंदा तिथेच आमचं पुन्हा जमेल, अशी माझी खात्री होती. नंदीच्या शिंगांना बेगड लावून मी देवळासमोर पोचले.

गुरुजींनी हात धरून मला मंडपात नेलं. "तू कायले रांगेत? यंदा आपली हुशार पोरगी बक्षिसं वाटन."

सरपंचांच्या बाजूला प्लास्टिकची खुर्ची मांडली होती. "मले रांगेत उभं राहाचं हाये," मी वडिलांना म्हटलं. ते मोबाईल धरून उभे होते, चेहरा आनंदाने फुललेला.

"बस न माय. सारं गाव पाहून राह्यलं."

मी नंदी खुर्चीखाली ठेवला आणि बसले.

पहिलं बक्षीस नेमकं मैत्रिणीला. कंपासपेटी देताना मी हळूच म्हटलं, "बोजाऱ्याले मी बी येतो." ती बावरली. पाहुण्यांच्या पाया पडायचं, असं गुरुजींनी पोरांना बजावलं होतं. ती सरपंचांच्या पाया पडली आणि मग माझ्या. माझे पाय खुर्चीवरून लोंबकळत होते, तिला फारसं वाकावंही लागलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो व्हिडिओ वडील अजून लोकांना दाखवतात. मी तेव्हा उठून आत जाते.

संध्याकाळी पोरं आमच्या दारी आली. मी नंदी घेऊन उंबऱ्यात तयारच होते. आईने माझ्या हातात खाऊचा डबा दिला. "पहिला बोजारा तुयाच हातून." मी एकेकाच्या हातावर करंजी ठेवली. मैत्रिणीच्या हातावर दोन ठेवल्या. ती थोडी घुटमळली, पण "चाल" म्हणाली नाही. घोळका पुढच्या घरी गेला.

"तुले नाई जाचं?" आईने विचारलं.

"अभ्यास हाये," मी म्हटलं.

तिला त्याचाही आनंद झाला.