राहिलेले कडवे

दुसरे महायुद्ध माझ्या मावससासूबाईंनी जिंकून दिले, असे त्यांचे स्वतःचे मत होते, आणि ओतूरमध्ये त्याला तोंडावर विरोध करणारा माणूस मला कधी भेटला नाही. इंग्रजी शाळेत शिकून मी या गावात सून म्हणून आले तेव्हा माझ्याजवळ या युद्धाबद्दल थोडी वेगळी माहिती होती. ती मी स्वतःपाशीच ठेवली.

नातवंडांनो, तुम्ही त्यांना पाहिले ते थकलेल्या, काठी टेकत चालणाऱ्या पणजी म्हणून. पण युद्धाच्या काळात त्या पुण्याच्या छावणीत गाणाऱ्या नावाजलेल्या गायिका होत्या. जुन्नरच्या एका मेळ्यात त्यांचा आवाज कोणा अधिकाऱ्याने ऐकला आणि आघाडीवर निघालेल्या पलटणींपुढे गाण्यासाठी त्यांना नेले. रंगमंच म्हणजे लष्करी लॉरी. माइक नसे. त्यामुळे गाणे जमिनीवर उभे राहून गायचे नसते, हा नियम त्यांच्या अंगात कायमचा भिनला. हळदीकुंकवाला कोणी आग्रह केला तर त्या आधी इकडेतिकडे बघून चढण्याजोगे काहीतरी शोधत. पाट मिळाला तर भावगीत, स्टूल मिळाले तर पोवाडा. एका लग्नात कांद्याच्या रिकाम्या ट्रॉलीवर उभ्या राहून त्यांनी मंगलाष्टके म्हटली, तेव्हा वरमाय म्हणाली, "अहो मावशी, खाली या, पडाल!" त्यावर त्या म्हणाल्या, "खालून म्हटलं तर पुढच्या रांगेतच लग्न लागंल. मागच्यांनी काय करायचं?"

थंडीत त्या नऊवारीवर लष्करी ओव्हरकोट घालून दूध आणायला जात. खांद्यावरच्या पट्ट्यांमुळे गवळी त्यांना माप नेहमी भरून देई. रात्री दिव्याला काळा कागद गुंडाळण्याची छावणीतली सवय त्यांनी युद्ध संपल्यावरही सोडली नव्हती. पुढे नव्वदच्या दशकात लोडशेडिंग सुरू झाले आणि सारे गाव वीजमंडळाला शिव्या घालू लागले. मावशी मात्र समाधानाने म्हणाल्या, "आत्ता कुठं सरकारला अक्कल आली. लई उजेड बरा न्हाई."

पण त्यांची खरी कीर्ती होती ती एका गाण्याची, आणि ते गाणे त्यांनी कधीही पुरे म्हटले नाही, याची. गाणे तीन कडव्यांचे होते. पहिल्याच दौऱ्यात दोन कडवी होताहेत तोच लॉऱ्या सुरू झाल्या. एक रंगरूट ओरडला, "बाई, एक कडवं राहिलं की!" मावशींनी वरूनच उत्तर दिले, "परत आल्यावर म्हणीन! घ्यायला या!" सगळे हसले. पण पुढच्या पलटणीने आधीच निरोप पाठवला, की आम्हालाही शेवटचे कडवे नको, उधार ठेवा. तो शकुनच होऊन बसला. रेकॉर्ड काढताना कंपनीच्या साहेबाने तिसरे कडवे म्हणण्याचा हुकूम सोडला, तर मावशींनी त्याला विचारले, "समदे परत आले का?" साहेबाने निमूटपणे ती जागा क्लॅरिनेटवाल्याकडून भरून घेतली. तिसऱ्या कडव्याच्या जागी वाजणारा तो क्लॅरिनेट ही नवी शैली आहे, असे त्या वेळी जाणकारांना वाटले म्हणे.

मी कॅसेट रेकॉर्डर घेतला तेव्हा ते गाणे नीट जपून ठेवावे म्हणून त्यांच्यापुढे बसले. दोन कडवी झाली. मग नुसती टेपची खरखर आणि मध्येच, "सूनबाई, चहा ठिवा."

"मावशी, युद्ध संपून इतकी वर्षं झाली. कोणीच आलं नाही कडवं मागायला?" मी एकदा विचारले.

"आले असत्याल की परत. ज्याच्या त्याच्या शेताला लागले. गाण्यासाठी पुण्याची गाडी कोण पकडतंय?" असे म्हणून त्या शेंगा फोडायला लागल्या. युद्धानंतर त्यांची गाणी कोणालाच नकोशी झाली, त्यांचे लग्न झाले आणि त्या ओतूरच्या झाल्या. तरी अनोळखी माणूस अंगणात आला की त्या आधी पदर सारखा करीत आणि मग त्याचे काम विचारीत. बहुधा तो मीटर बघायला आलेला असे.

कारगिलची लढाई पेटली तेव्हा शेजारच्या पारूबाईंचा सोपान फौजेत होता आणि नेमका सुट्टीवर आला होता. परत बोलावल्याची तार आली. एसटी स्टँडवर सारी आळी जमली. मावशी ओव्हरकोट घालून आल्या, उन्हाळा असूनही, आणि कोणाच्या तरी ट्रॉलीवर चढल्या. दोन कडवी झाली. आवाज चिरकत होता, पण स्टँडच्या टोकापर्यंत पोचत होता. सोपान खिडकीतून म्हणाला, "आज्जे, राहिलेलं?"

"आल्यावर. घ्यायला ये."

त्यानंतर पारूबाई रोज आमच्याकडे टीव्हीवरच्या बातम्या बघायला येत आणि मावशी त्यांच्या शेजारी बसत. दिवसभर काहीतरी गुणगुणणाऱ्या त्या बाईने त्या काळात तोंडातून एक सूर काढला नाही. दूधसुद्धा माप न बघता घेऊन येऊ लागल्या. एकदा मला हळूच म्हणाल्या, "ह्यो एक तरी यावा गं मागायला."

तो आला. लढाई थांबल्यावर, पायाने जरा लंगडत, खांद्यावर ट्रंक घेऊन, आणि स्वतःच्या घरी न जाता सरळ आमच्या दारात. मागून पारूबाई धावत आल्या. "आरं मुडद्या, आधी आईला तोंड दाव!" असे म्हणत त्या त्याच्या पाठीत धपाटे घालीत होत्या आणि रडत होत्या. सोपान म्हणाला, "आई, थांब. आज्जे, माझं कडवं दे."

ट्रॉली आणवली गेली. आळी जमली. मावशींनी दोन कडवी म्हटली आणि थांबल्या. लोकांना वाटले, सवयीने थांबल्या. मी चाकाजवळ उभी होते. त्या वाकून माझ्या कानात म्हणाल्या, "सूनबाई, काय व्हतं गं ते? कुनी मागितलंच न्हाई, तर ध्यानात कसं राहील?"

मी म्हटले, "मावशी, समोर बघा आणि जे दिसतंय ते म्हणा."

त्यांनी समोर बघितले आणि म्हटले. त्या कडव्यात पारूबाईंचे धपाटे होते, चुलीवरचे पिठले होते, सोपानची ट्रंक होती. एका ठिकाणी यमक जुळत नव्हते. गावाने ते महायुद्धातले मूळ कडवे म्हणून डोळे पुसत ऐकले. मी दुरुस्ती केली नाही.

पुढे तुम्ही विमानाने दूर निघालात, त्या सकाळीही मावशी गायल्या. मोटारीच्या टपावर चढायला ड्रायव्हरने नकार दिला, म्हणून पाटावर भागवले. दोनच कडवी. तुमच्यातल्या धाकट्याने विचारले, "पुढचं?" आणि उत्तर तुम्हाला आठवत असेल.

मावशी आता नाहीत. ओव्हरकोट कपाटात डांबरगोळ्या घालून ठेवला आहे. ते कडवे मला पाठ आहे, न जुळणाऱ्या यमकासकट. ते मी लिहून पाठवणार नाही आणि फोनवरही म्हणणार नाही. माझा आवाज बरा नाही, आणि ट्रॉलीवर चढणे आता गुडघ्यांना जमणार नाही. पण पाट धुऊन भिंतीशी उभा केला आहे. त्यावर मला अजून चढता येते.