रांगेतली भरलेली घागर

"पर म्याडम, ती बुडाली कशात?" गयामावशीनं विचारलं आणि अख्खी चारा छावणी हसली. माझ्या भयकथेचा तिथंच मुडदा पडला.

मी तेव्हा वडवणीकडच्या एका दूध सोसायटीत सुपरवायझर होते. दुष्काळात सोसायटीनं जनावरांसाठी छावणी उघडली, तिथं माझी ड्यूटी. मला मात्र व्हायचं होतं भयकथालेखिका. अंबाजोगाईच्या एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्या आधीच्या कथा साभार परत केल्या होत्या. "आता शेवटची बघतो. हीपण घाबरवत नसेल तर पुन्हा पाठवू नका," असं फोनवर स्पष्ट सांगितलं. म्हणून पाठवण्याआधी छावणीत वाचून बघितली. कथेत तुडुंब विहिरीत बुडून मेलेली बाई ओल्या केसांची हडळ होऊन वर येते.

"आमच्या हिरीत शेळ्या सावलीला बसत्यात," गयामावशी म्हणाली. ती मेंढरंवाली, जिभेला हाड नाही. "भरल्याली हीर दावा, मी हडळीच्या पाया पडते!"

मला भयंकर राग आला. घरी जाऊन कथा फाडली, मग डोकं चालायला लागलं. आमच्या भयकथेच्या धंद्यात धक्का वेगळा आणि धाक वेगळा. दार आपटलं की धक्का. आता आपटेल म्हणून अंग चोरून बसणं, हा धाक. माझ्याकडे नुसताच धक्का होता, तोही उसना.

छावणीत टँकर यायच्या आधी बायका रिकाम्या घागरी रांगेत ठेवून कामाला जायच्या. घागर ठेवली की नंबर लागला. मी हडळीला रजा दिली आणि नवीन कथा लिहिली. टँकर अजून आलेला नाही, आणि रांगेतली एक घागर काठोकाठ भरलेली आहे. पाणी गार, नितळ. घागर कुणाचीच नाही. सगळ्यांचे घसे कोरडे, पण हात कुणी लावत नाही. शेवटी एक बाई ओंजळ बुडवते.

भर दुपारी वाचली. कुणी हसलं नाही.

"प्याली का ती?" गयामावशीनं हळूच विचारलं.

"पुढं वाचू?"

"न्हाई. ऱ्हाऊ द्या."

दुसऱ्या दिवशी टँकरवाला ओरडला, "ओ बायांनो, आज समद्या घागरी पालथ्या कावून?" मला आनंद लपवता येईना.

कथा पाठवल्यावर संपादकांचा फोन आला. "कथा घेतो. फक्त पाणी कुठून आलं ते शेवटी लिहा."

"नाही लिहिणार, सर."

"का?"

"लिहिलं की सगळे पितील."

ते हसले. कथा आहे तशी छापली.

तेव्हापासून भूत मी माझ्या मनचं घेते, घागर मात्र वाचणाऱ्याच्या घरची.