न विचारता उघडणारी फाइल

जोयड्यात माझं झेरॉक्स आणि कॉम्प्युटरचं लहानसं दुकान आहे. अर्ज भरून द्यायचे, जमिनीचे उतारे काढून द्यायचे, फोटो छापायचे. लग्न केलं नाही. आई होती तोवर घरात आम्ही दोघी होतो, आता मी एकटी. संध्याकाळी शटर ओढलं की सकाळपर्यंत माझा कुणाशी शब्दही होत नाही. दिवसा गिऱ्हाइकाला पत्ता पुन्हा पुन्हा विचारते, लोकांना वाटतं बाई बहिरी झाली. वाटू दे.

आई शेवटचा महिना रामनगरला आक्काकडे होती, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीकडे. बेळगावचा दवाखाना तिथून जवळ. जोयड्याहून रामनगर फार लांब नाही, सकाळी गेलं की दुपारी परत येता येतं. दर रविवारी येते म्हणून मी सांगायचे आणि दर रविवारी काहीतरी काम काढायचे. शिष्यवृत्तीच्या अर्जांची गर्दी होती, हे खोटं नाही. पण आईला अंथरुणाला खिळलेली बघायची माझी छाती होत नव्हती, हे जास्त खरं. दोन आठवडे गेल्यावर आई फोनवर यायची बंद झाली. "झोपलीया," आक्का म्हणायची. ती झोपलेली नसायची, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. ती गेली तेव्हा मी बसमध्ये होते.

त्या महिन्यात आक्कानं आईचं बोलणं मोबाइलवर धरून ठेवलं होतं. अकरा रेकॉर्डिंग. बाराव्याला गेले तेव्हा तिचा फोन भरला होता. तिचा मुलगा गोव्याला नोकरीला गेला, त्याचा जुना कॉम्प्युटर घरी होता. त्यावर मी 'आई' नावाचं फोल्डर केलं, आत 'आई १', 'आई २' असे नंबर घातले, आणि फोनमधलं सगळं पुसून जागा करून दिली. दुकानातली सवयच ती. माणसाच्या नावाचं फोल्डर आणि आतले कागद एकपासून. पेन ड्राइव्ह पर्समध्ये होता, पण मी काही उतरवून घेतलं नाही. एकही ऐकलं नाही. आई माझ्यावर रागावून गेली का, हे त्या अकरांत असणार होतं, आणि मला ते ऐकायची भीती वाटत होती. कधीतरी धीर होईल तेव्हा ऐकू, असं मी स्वतःला सांगत राहिले.

वर्षश्राद्ध जवळ आलं तसा आक्काचा फोन आला. "तुज्याकडं बी आईचं बोलणं हाय न्हवं? चांगली हुती तवाचं. मला दे की."

माझ्याकडे चौतीस होती. कंद कधी उकरायचे, शेजारणीचा भात कसा गिच्च झाला, आणि कोंबड्यांना घातलेल्या शिव्या. पण आक्काला पाठवायची कशी? कॉम्प्युटरनं काही विचारलं की ती घाबरते आणि भिंतीवरचं बटणच बंद करते. म्हणून मी एक फुकटचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. त्यात सगळ्या फाइली दाबून एकच फाइल होते, आणि तिच्यावर दोनदा क्लिक केलं की ती आपली आपण सुटते. समोरच्याकडे दुसरं काही असायला लागत नाही. गाठोडं स्वतःच गाठ सोडतं म्हणा ना. कुठल्या फोल्डरमध्ये सुटायचं, ते आधीच लिहून ठेवता येतं. मी आक्काच्या कॉम्प्युटरवरचं 'आई' लिहिलं. खाली एक चौकोन होता: त्याच नावाची फाइल असेल तर न विचारता तिच्या जागी नवी ठेवायची का? आक्काला प्रश्न नकोत, म्हणून मी टिचकी मारली. मोठं शहाणपण केल्यासारखं वाटलं होतं तेव्हा.

पेन ड्राइव्ह पाकिटात घालून रामनगरच्या बसच्या कंडक्टरकडे दिला. स्वतः गेले नाही.

संध्याकाळी आक्काचा फोन. "काय बी इचारलं न्हाई बघ. दाबलं आन झालं." तिचा आवाज इतका खूश होता की मलाही बरं वाटलं. दोन दिवसांनी पुन्हा फोन आला. "अगं, माजी अकरा कुटं गेली? एकावर दाबलं तर आई तुज्या कोंबड्यांवर वरडतीया."

मी दुकानातलं माझं फोल्डर उघडून बघितलं. तिच्याही फाइली 'आई १' ते 'आई ११', माझ्याही 'आई १' पासून. दोन्ही नंबर मीच घातलेले.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून रामनगरला गेले. पुसलेलं परत काढायची सॉफ्टवेअरं नेली होती. दिवसभर खटपट करून दोन मोडके तुकडे मिळाले, त्यांत नुसती खरखर. मी कॉम्प्युटरपुढे बसून हमसून रडले. आई गेली तेव्हाही इतकी रडले नव्हते.

आक्का चहा पुढ्यात ठेवून शेजारी बसली. "मला समदं पाठ हाय," म्हणाली. "सातव्यात तुजा इषय काडलाय तिनं. म्हनली, धाकटी कामात हाय, तिला बोल लावू नको."

"खरं?"

"व्हय तर. खोटं कशाला सांगू?"

तेव्हापासून मी दर रविवारी रामनगरला जाते. गेल्या खेपेला आक्का भाजी निवडत होती. मी म्हटलं, "माझ्याबद्दल कितव्यात म्हणाली होती गं आई?"

"नवव्यात," आक्का मान वर न करता म्हणाली.

आईला एवढं गोड बोलणं कधी जमलं नाही. मी तिच्यापुढची अर्धी भाजी माझ्याकडे ओढून घेतली आणि म्हटलं, "पुन्हा सांग की." तिनं पुन्हा सांगितलं, या वेळी आणखी दोन वाक्यं घालून.