सोंडकाकांचा खंड्या

सोंडकाका म्हशीचा फोटो काढायचा असला तरी आधी म्हशीला विचारायचे. "काढू का गं?" असं म्हणून क्षणभर थांबायचे, म्हशीने कान हलवला की तो होकार समजायचे आणि मगच बटण दाबायचे. म्हशीची ही तऱ्हा, तर माणसाचं काय सांगावं! विचारल्याशिवाय फोटो काढणं म्हणजे दुसऱ्याच्या परसातली भाजी खुडून नेणं, असं त्यांचं मत होतं आणि ते मत आमच्या बेलापुरातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होतं. त्यांच्याबद्दल लिहायला बसले आणि सगळ्यात आधी हेच आठवलं. आठवलं तशी हसलेही, पण ते हसू पुरतं बाहेर आलं नाही.

सोंडकाका म्हणजे आमच्या गावचे पोस्टमास्तर. त्यांचा मेहुणा मस्कतला नोकरीला होता. नव्वद सालानंतर कधीतरी तो सुट्टीवर आला आणि काकांना हा कॅमेरा देऊन गेला. साबणाच्या वडीपेक्षा थोडा मोठा, खिशात मावणारा. पण बटण दाबलं की घर्रर्र करत त्याची नळी पुढे यायची, आणखी दाबलं की आणखी पुढे, आणि नदीपलीकडचं माणूस हाताच्या अंतरावर यायचं. पोरांनी पहिल्याच दिवशी बारसं केलं, "मास्तरच्या डबीला सोंड हाय!" डबीचं नाव मास्तरांना चिकटलं ते कायमचं. काका त्यावर कधी चिडले नाहीत. उलट त्या दिवशी त्यांनी कॅमेरा पोस्टाच्या काट्यावर ठेवून सगळ्यांना त्याचं वजन दाखवलं होतं आणि मग काकूंच्या मखमली ब्लाउजपीसमध्ये गुंडाळून बिस्किटाच्या डब्यात ठेवून दिला होता.

"लांबून बघितलं की मानूस खरा दिसतो," हे त्यांचं दुसरं वाक्य. "जवळ गेलं की नाटक सुरू." म्हणून तर त्यांना त्या सोंडेचं कौतुक. पण आता गंमत बघा. लांबून फोटो काढायचा आणि विचारूनही काढायचा, हे जमावं कसं? काका प्रवरेच्या या काठावर उभे राहून पलीकडे ओरडायचे, "ओ पाव्हणं, काढू का?" पलीकडचा गडी बैल धुता धुता थांबायचा, सदरा सारखा करायचा, टोपी चढवायचा आणि शाळेतल्या प्रार्थनेला उभा राहावा तसा ताठ उभा राहायचा. मग क्लिक. त्यांच्या सगळ्या फोटोंत अशीच ताठ माणसं. कुठे ऊस तोडता तोडता ताठ, कुठे झाडावर ताठ. छत्तीस फोटोंचा रोल ते चार-चार महिने पुरवायचे, श्रीरामपूरला धुवायला द्यायचे, आणि पाकीट उघडलं की स्वतःच कपाळावर हात मारून घ्यायचे. "पोरी, एक तरी मानूस हलताना घावू दे की," असं मला म्हणायचे.

मला म्हणायचे, कारण त्यांची शिष्या मी एकटीच. आमचं घर पोस्टाच्या भिंतीला लागून. वडील, म्हणजे अण्णा, साखर कारखान्यात टाइमकीपर होते. घरात कॅमेऱ्याला हात लावायची कुणाची हिंमत नव्हती, पण काकांनी मला अकरावीत असतानाच तो हातात दिला. श्वास कसा धरायचा, बटण अर्धं दाबून कसं थांबायचं, ऊन पाठीवर का घ्यायचं, सगळं त्यांनी शिकवलं. मी काढलेला पहिला फोटो पोस्टाच्या पेटीचा. त्यासाठीसुद्धा त्यांनी मला पेटीला विचारायला लावलं होतं आणि मी विचारलं होतं.

पोस्टात त्यांच्या शेजारी बसून मी टपाल लावायला मदत करायचे. काही पाकिटं हाताला कडक लागायची. वर लिहिलेलं असायचं, "आत फोटो आहे, दुमडू नये." काका ती पाकिटं वेगळी काढायचे. "ही कुनाची तरी लेक हाय, जपून," असं म्हणत शिक्का अगदी कोपऱ्यात, हळूच टेकवायचे. बाकीच्या पत्रांवर दणादण. तेच पाकीट पंधरा दिवसांनी नकार घेऊन परत आलं की ते ओळखायचे आणि त्या दिवशी पोरीच्या घरी स्वतः नेऊन द्यायचे, पोस्टमनच्या हाती नाही. मला त्यांचा फार अभिमान वाटायचा. असा माणूस आपल्या भिंतीपलीकडे राहतो याचा.

मी श्रीरामपूरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला गेले आणि अण्णांनी माझ्या लग्नाचं काढलं. मला तिसरं वर्ष पुरं करायचं होतं, शाळेत विज्ञान शिकवायचं होतं. "पास झाली काय, नापास झाली काय, भाकरीच थापायची हाय," असं अण्णा म्हणत. त्यांच्याशी वाद घालायची सोय नव्हती. मग मी एक युक्ती काढली. स्थळाला आधी फोटो जातो, फोटो पसंत पडला तरच माणसं येतात. फोटोच नसला तर? अण्णांनी मला श्रीरामपूरच्या स्टुडिओत नेलं, धबधब्याच्या पडद्यापुढे कुंडीजवळ उभं केलं. फ्लॅश उडाला आणि मी डोळे मिटले. दुसऱ्यांदा नेलं, पुन्हा मिटले. तिसऱ्यांदा स्टुडिओवाला "एक, दोन" म्हणाला आणि तीन म्हणायच्या आत मी समाधी लावली. अण्णा त्याच्यावरच उखडले. आईला वाटलं पोरीच्या डोळ्यांत दोष आहे, ती रोज गाईचं तूप घालायला लागली.

ही युक्ती जगात फक्त एका माणसाला ठाऊक होती. मीच सांगितली होती. काका पोट धरून हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग गंभीर झाले आणि म्हणाले, "वर्सं किती राह्यली? दीड? मीट डोळं, बिनधास्त मीट. पोस्टातलं पोस्टात राहतं, पोरी. मास्तरच्या तोंडाला लाखेचं सील हाय." दीड वर्ष. मी मनातल्या मनात दिवस मोजत होते.

त्यानंतर महिनाभराने, डिसेंबरातल्या एका रविवारी, काका मला नदीवर घेऊन गेले. खंड्याचा फोटो काढायचा म्हणाले. ऊन कोवळं होतं. त्यांनी मला घाटाच्या पायरीवर बसवलं आणि स्वतः लांब बाभळीपाशी जाऊन उभे राहिले. "तुझ्या म्होरं, त्या वाळक्या फांदीवर बसलाय बघ. दिसला का?" त्यांनी ओरडून विचारलं. मी म्हटलं, "दिसला!" "मग त्याच्याकडंच बघत ऱ्हा. हलू नको, पाखरू उडंल." मी हलले नाही. श्वाससुद्धा त्यांनीच शिकवला तसा धरला. खूप वेळ बसले मी तशी. लांबून त्यांच्या सोंडेची घरघर ऐकू येत होती.

तो रोल धुवून आला तेव्हा मी कॉलेजातून उतरले ती थेट पोस्टात गेले. काका मान खाली घालून शिक्के मारत होते. म्हणाले, "रोल वाया गेला. झाकन उघडलं गेलं, उजेड शिरला." माझाच जीव हळहळला. खंड्या पुन्हा येईल, पुढच्या रविवारी जाऊ, असं म्हणत मीच त्यांची समजूत घातली. त्यांनी मान वर केली नाही. बिचाऱ्यांना फार लागलं असावं, असं मला वाटलं.

फेब्रुवारीत काष्टीहून पाहुणे आले. न कळवता नव्हे, अण्णांना सगळं ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते मलाच. मी निर्धास्त होते, फोटोच गेला नाही तर माणसं येतील कशाला? मी पोहे घेऊन बाहेर गेले. काष्टीचा बैलबाजार नावाजलेला, आणि मुलाच्या आईने मला त्याच सवयीने निरखलं, चालवून पाहिलं. मग त्या हसल्या आणि म्हणाल्या, "अगं, फोटूत किती हसरी हायेस! हितं का गप?" त्यांनी पिशवीतून पाकीट काढलं. कडक पाकीट, वर "दुमडू नये" असं लिहिलेलं. बेलापूरचा गोल शिक्का अगदी कोपऱ्यात, हळूच टेकवलेला.

आत मी होते. घाटाच्या पायरीवर, कोवळ्या उन्हात, केसांची एक बट गालावर, डोळे टक्क उघडे, कशाकडे तरी बघत हसणारी. इतका चांगला फोटो माझा त्याआधी कुणी काढला नव्हता, नंतरही नाही. फोटोत खंड्या कुठेच नव्हता, फांदीसुद्धा नव्हती. पोह्यांची ताटली माझ्या हातात होती, ती मी खाली ठेवली एवढं आठवतं.

दुसऱ्या दिवशी पोस्ट उघडायच्या आधी मी दारात उभी होते. काकांनी मला पाहिलं आणि कुलपाला किल्ली लागेना.

"काका, मला विचारलं होतं का?"

"तुझ्या बापानं मला इच्यारलं," ते म्हणाले. "घरी आले हुते. हात धरला माझा. बापाला न्हाई कसं म्हनू?"

"मला विचारलं होतं का?"

त्यांनी किल्ली काढून पुन्हा लावून पाहिली. मग म्हणाले, "इच्यारलं असतं, तर तू डोळं मिटलं असतंस."

मला वाटलं होतं ते माफी मागतील. मी रडेन, ते रडतील आणि काहीतरी मोकळं होईल. पण त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "पन पोरी, फोटू बघितलास का? कसा आलाय! पैल्यांदा मानूस खरा घावला बघ मला." त्यांच्या चेहऱ्यावर अपराधीपणा होता, नाही असं नाही. पण त्याच्या मागे कौतुक होतं आणि ते त्यांना झाकता येत नव्हतं. अण्णांचा मला राग आला नाही, अण्णांनी मला काही वचन दिलं नव्हतं. ज्याने म्हशीला विचारलं त्याने मला विचारलं नाही, याचा मात्र आला. तो तसाच आहे. वयाबरोबर राग निवळतो म्हणतात. माझा निवळला नाही आणि त्याची मला लाज वाटत नाही.

मे महिन्यात लग्न झालं. माझं दुसरं वर्ष तेवढं पदरात पडलं, तिसरं राहिलं ते राहिलंच. मांडवात काका आले होते, इस्त्रीचा सदरा घालून. अक्षता पडल्यावर गर्दीच्या मागून, लांबून, त्यांचा आवाज आला, "मंगल, काढू का?" सगळे वळून बघायला लागले. मीही बघितलं. सोंड बाहेर आलेली होती. मी डोळे मिटले. करवल्या हसल्या, नवरदेवानेही कोपराने ढोसलं, पण मी उघडले नाहीत. उघडले तेव्हा काका तिथे नव्हते. आमची दोघांची ती शेवटची भेट. ते निवृत्त होऊन शेवगावकडे आपल्या गावी गेले आणि काही वर्षांनी वारले, हे मला आईच्या पत्रातून कळलं. नंतर त्यांनी माणसाचा फोटो काढला नाही असं आईने लिहिलं होतं. खरं-खोटं मला माहीत नाही, मी कुणाला विचारलं नाही.

संसार वाईट झाला नाही, हे सांगायला हवं. नवरा भला निघाला, सासूबाईंनी मला लेकीसारखं वागवलं. तो फोटो त्यांनीच चौकटीत बसवून ओसरीवर लावला. येणारा-जाणारा विचारतो, कुणी काढला हो एवढा सुंदर? मी म्हणते, होते आमच्या गावचे एक पोस्टमास्तर. नाव माझ्या तोंडातून निघत नाही.

परवा माझ्या लेकीने विचारलं, "आई, तू कुणाकडे बघून हसतेयस गं?" मी म्हटलं, खंड्याकडे. ती म्हणाली, "कसा होता?" आणि मला काही सांगता येईना. त्या दिवशी मला खंड्या दिसलाच नव्हता. वाळक्या फांद्या चार होत्या, मी चारही बघितल्या, एकीवरही काही नव्हतं. पण काका एवढ्या लांबून, एवढ्या हौसेने विचारत होते, त्यांचं मन मोडायला नको म्हणून मी "दिसला" असं ओरडले आणि त्यांच्यासाठी हसले.